धोक्याचे गणित आणि त्यातील माणूस



कारखाना बंद पडतो, दरवाजाला टाळे लागते, कामगारांचे हिशेब चुकते होतात, दफ्तरी मालकाचे नाव बदलते; परंतु त्या जमिनीत वर्षानुवर्षे जे मुरले असेल ते कोणाच्याही हुकमाने निघून जात नाही. पावसाच्या पाण्याबरोबर ते खाली उतरते, धुळीबरोबर वाऱ्यावर उडते, आणि ज्या माणसाचा त्या कारखान्याशी नोकरीचा किंवा नफ्याचा कसलाही संबंध नव्हता त्याच्या विहिरीत, अंगणात आणि अखेर त्याच्या देहात येऊन पोचते. अशा दूषित भूमीपासून शेजारच्या वस्तीच्या प्रकृतीस किती अपाय संभवतो, हे ठरविण्याचे एक शास्त्र गेल्या चार-साडेचार दशकांत आकारास आले आहे. ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत त्यांनी रसायनशास्त्र शिकविताना प्रयोगशाळेबाहेरचा माणूस कधी नजरेआड होऊ दिला नाही, म्हणून त्यांच्या नावाने चालणाऱ्या या मालेत मी हाच विषय निवडला.

हे शास्त्र मला आदरणीय वाटते. भयाने किंवा संतापाने बोलण्यापूर्वी मोजून पाहावे, ही त्याची शिकवण मोलाची आहे. परंतु त्याच्या समीकरणात जो माणूस गृहीत धरलेला असतो तो कोण, त्याचे वजन किती, तो पाणी किती पितो, त्याचे मूल कोठे खेळते, हे तपासल्यावाचून त्याचे उत्तर मान्य करू नये, असे माझे मत आहे, आणि त्या मताची कारणे आज आपल्यापुढे ठेवावयाची आहेत.

या शास्त्राला निकड प्राप्त झाली ती अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातील नायगारा फॉल्स या शहरी. तेथे लव्ह कॅनॉल नावाचा, अर्धवट खोदून सोडून दिलेला एक जुना कालवा होता. हूकर नावाच्या रासायनिक कंपनीने 1942 पासून 1953 पर्यंत त्यात वीस हजार टनांहून अधिक रासायनिक टाकाऊ माल पुरला, वर माती पसरली आणि ती जागा स्थानिक शाळा-मंडळाला एक डॉलर किमतीस लिहून दिली. तेथे शाळा उभी राहिली, सभोवती घरे झाली. 1970 नंतरच्या दशकात अतिवृष्टी व हिमवृष्टी होऊन भूजल वर आले, तेव्हा तळघरांच्या भिंतींतून काळसर द्रव पाझरू लागला. 2 ऑगस्ट 1978 रोजी राज्याच्या आरोग्य आयुक्तांनी गरोदर स्त्रिया व दोन वर्षांखालील मुले यांनी कालव्यालगतची घरे सोडावीत असे फर्माविले, आणि त्यानंतर आठवड्याच्या आत अध्यक्ष कार्टर यांनी आणीबाणी जाहीर केली. अगदी लगतच्या घरांच्या दोन रांगा सरकारने विकत घेतल्या. पलीकडच्या रहिवाशांना मात्र आपल्याला धोका नाही असे सांगण्यात आले.

येथे एक गोष्ट घडली, ती मी थोडी विस्ताराने सांगतो. लोइस गिब्ज या त्या वस्तीतील एका गृहिणीने शेजारणींच्या साहाय्याने घरोघर दूरध्वनी करून आजारांची नोंद केली: कोणाचा गर्भपात झाला, कोणाचे मूल व्यंग घेऊन जन्मले, कोणाला दम्याचा विकार जडला. ही घरे नकाशावर मांडली तेव्हा ती वर्तुळात न येता काही वाकड्या रेषांवर पडू लागली. जुन्या रहिवाशांनी त्या रेषा ओळखल्या. वस्ती होण्यापूर्वी त्या जागेतून ओहोळ वाहत असत, आणि घरे बांधताना ते भरून टाकलेले होते. बफेलो येथील कर्करोग संशोधन संस्थेतील जीवशास्त्रज्ञ बेव्हर्ली पेगन यांनी ही माहिती शास्त्रीय रीतीने तपासली आणि बुजविलेल्या ओहोळांवरील ओलसर घरांत आजाराचे प्रमाण अधिक असल्याचे दाखविले. जमिनीत मुरलेले द्रव्य नकाशावरील अंतर मोजून पसरत नाही, ते पाण्याची जुनी वाट धरते, हे त्यातून उघड झाले. राज्याच्या अधिकाऱ्यांनी हे सर्व गृहिणींनी गोळा केलेली निरुपयोगी माहिती म्हणून बाजूस सारले. तथापि पुढे राज्याच्याच संशोधकांना ओहोळांच्या त्या पट्ट्यात कमी वजनाच्या अर्भकांचे प्रमाण अधिक आढळले, आणि 1980 च्या डिसेंबरात अमेरिकेत दूषित स्थळांच्या शुद्धीकरणाचा कायदा झाला, त्याच्या मुळाशी या वस्तीचा लढा होता.

कायदा झाला की हजारो स्थळांपैकी कोणते आधी स्वच्छ करावयाचे आणि किती स्वच्छ करावयाचे, हा प्रश्न दारात उभा राहतो. त्यासाठी 1983 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने एक पद्धती घालून दिली आणि आज जगभर तिचाच अवलंब होतो. प्रथम जमिनीत व पाण्यात कोणते घातक द्रव्य आहे ते ओळखावयाचे. मग त्याची किती मात्रा देहास किती अपाय करते हे पूर्वीच्या प्रयोगांवरून ठरवावयाचे. नंतर त्या वस्तीतील माणसाच्या पोटात, फुप्फुसात व त्वचेवाटे ते प्रत्यक्ष किती जाते याचा अंदाज बांधावयाचा. आणि या सर्वांचा मेळ घालून धोक्याचा आकडा काढावयाचा. यामागचे तत्त्व साधे आहे. विषाचा उगम, त्याचा मार्ग आणि त्या मार्गाच्या शेवटी उभा असलेला माणूस, या तिहींची साखळी अखंड असेल तरच धोका. साखळीची एक कडी तुटली की धोका टळला.

मात्रेविषयी थोडे सांगावयास हवे. विष ठरते ते मात्रेवरून, हे सोळाव्या शतकात पॅरासेल्ससने सांगितले, आणि आपल्याकडच्या वैद्यांनाही ते अपरिचित नव्हते. आधुनिक विषविज्ञान प्राण्यांवर प्रयोग करून ज्या मात्रेपर्यंत अपाय दिसत नाही ती मात्रा शोधते आणि तिला शंभराने भागते: प्राण्यापेक्षा माणूस अधिक नाजूक असू शकेल म्हणून दहा, आणि माणसामाणसांतही कोणी अधिक दुर्बळ असेल म्हणून आणखी दहा. ही शंभराची प्रथा 1954 मध्ये अमेरिकेतील लेहमन व फिट्झह्यू या दोन शास्त्रज्ञांनी रूढ केली. तो आकडा निसर्गाने दिलेला नसून माणसाने सावधगिरीने निवडलेला आहे, आणि म्हणूनच नवे ज्ञान आले की तो बदलावा लागतो. शिशाचे उदाहरण पाहा. मुलाच्या रक्तात शिसे किती असेल तर चिंता करावी, याची मर्यादा अमेरिकेत 1960 नंतरच्या दशकात दर डेसिलिटरला 60 मायक्रोग्रॅम होती. 1971 मध्ये ती 40 झाली, 1975 मध्ये 30, 1985 मध्ये 25, 1991 मध्ये 10, 2012 मध्ये 5 आणि 2021 मध्ये साडेतीन. मधल्या काळात मुलांचे देह बदलले नव्हते. बुद्धीवर होणारा सूक्ष्म परिणाम मोजण्याची साधने तेवढी सुधारली. 1970 मध्ये ज्या मातेला तिच्या मुलाविषयी निर्धास्त राहण्यास सांगितले गेले असेल, तिला दिलेला तो निर्वाळा आज कोणी देणार नाही. यास्तव प्रमाणित मर्यादेच्या आत आहे एवढ्या एका वाक्यावर प्रकरण दप्तरदाखल करणे मला गैर वाटते.

आता त्या समीकरणाकडे वळू. पाण्यातील द्रव्याचे प्रमाण घ्यावयाचे, त्याला रोज पिण्यात येणाऱ्या पाण्याने गुणावयाचे आणि देहाच्या वजनाने भागावयाचे. वर्षातून किती दिवस व एकूण किती वर्षे हे पाणी पोटात गेले, तो हिशेब पुढे जोडावयाचा. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने 1989 साली जी मार्गदर्शिका काढली तिच्या धोरणानुसार दीर्घकाळ जो माणूस गृहीत धरला गेला तो 70 किलो वजनाचा, दिवसाला 2 लिटर पाणी पिणारा, वर्षाला 350 दिवस घरी असणारा आणि एका जागी 30 वर्षे राहणारा होता. 2014 मध्ये त्याचे वजन 80 किलो व पाणी अडीच लिटर करण्यात आले, पण त्यामुळे भागाकारात फारसा फरक पडत नाही.

समजा, एखाद्या हापशाच्या पाण्यात कोणतेसे द्रव्य लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम आहे. 70 किलोच्या त्या माणसाच्या पोटात रोज 20 मायक्रोग्रॅम जातील, म्हणजे किलोमागे सुमारे 0.29. आता त्याच हापशावर हंडा भरणारी आपल्याकडची एक स्त्री घ्या. तिचे वजन 45 किलो आहे, ती दिवसभर उन्हात बांधकामावर किंवा शेतात राबते, आणि वैशाखात चार लिटर पाणी पिणे ही तिच्या दृष्टीने चैन नव्हे. तिच्या वाट्याला किलोमागे 0.89 येतात, म्हणजे तिप्पट. तिचे पाच किलोचे तान्हे मूल पाण्यात कालविलेल्या दुधावर वाढत असेल आणि त्याच्या पोटात रोज पाऊण लिटर पाणी जात असेल, तर त्याच्या वाट्याला किलोमागे दीड मायक्रोग्रॅम, पाचपटींहून अधिक. पाणी एकच आहे, यंत्राने मोजलेला आकडाही एकच आहे. परंतु ज्या अहवालात पहिला माणूस धरलेला असेल तो अहवाल चिंतेचे कारण नाही असे म्हणेल, आणि ज्यात ते मूल धरलेले असेल तो हापसा सील करा असे म्हणेल.

हिशेब येथेच थांबत नाही. अमेरिकेच्या मार्गदर्शिकेत लहान मुलाच्या पोटात नकळत रोज 200 मिलिग्रॅम माती जाते असे धरले आहे; ते मूल फरशीच्या घरात राहते आणि हिरवळीवर खेळते. शेणामातीच्या जमिनीवर रांगणाऱ्या, अंगणात बसून जेवणाऱ्या मुलाचा आकडा काय धरावा, हे येथे मोजूनच ठरविले पाहिजे. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. पाणी शंकास्पद वाटले की ते उकळावे, अशी आपली पिढ्यान्पिढ्यांची समजूत आहे आणि जंतूंच्या बाबतीत ती अगदी रास्त आहे. परंतु क्लोरोफॉर्म किंवा कार्बन टेट्राक्लोराइड यांसारखी बाष्पनशील द्रव्ये पाण्यात असतील, तर उकळताना ती पाण्यातून निघून बिनखिडकीच्या स्वयंपाकघराच्या हवेत येतात, आणि चुलीपाशी बसलेली बाई ती श्वासावाटे आत घेते. पोटातून जाणारे विष केवळ छातीतून जाऊ लागते. हा मार्ग समीकरणात यावयाचा, तर ते मांडणाऱ्याने त्या स्वयंपाकघरात एकदा तरी जाऊन बसले पाहिजे.

हे सारे एका ठिकाणी एकवटलेले पाहावयाचे तर भोपाळला जावे लागते. 1984 च्या डिसेंबरातील 2 व 3 तारखांमधली विषारी वायूच्या गळतीची ती रात्र सर्वांना ठाऊक आहे. पण मी बोलतो आहे ते त्या रात्रीच्या वायूविषयी नव्हे. युनियन कार्बाइडचा तो कीटकनाशकांचा कारखाना 1969 पासून त्या जागेवर होता. त्याचा टाकाऊ माल आवारातील अस्तर नसलेल्या खड्ड्यांत टाकला जाई, आणि 1977 पासून सांडपाणी उत्तरेकडच्या बाष्पीभवनाच्या तळ्यांत सोडले जाई. ती तळी गळतात याची काळजी खुद्द कंपनीच्या पत्रव्यवहारात 1982 मध्येच, म्हणजे दुर्घटनेच्या दोन वर्षे आधी, नमूद झालेली आहे. वायू त्या रात्री आला आणि विरला. जमिनीतले द्रव्य मात्र खाली उतरत राहिले, आणि आवाराच्या उत्तरेला ज्या गरीब वस्त्या होत्या व नंतर वाढल्या, त्यांचे हापसे त्याच दिशेला होते. आवाराच्या भिंतीला पडलेल्या खिंडारांतून मुले आत खेळावयास जात, गुरे चरावयास जात. त्या गुरांचे दूध कोणी प्याले असेल, हाही विषाचा एक मार्गच आहे.

आपल्या नागपुरातील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने या जागेची तपासणी केली. 1990 नंतरच्या दशकातील तिच्या अहवालात जमीन दूषित असल्याचे म्हटले होते, परंतु भूजल दूषित झालेले नाही, आणि अगदी वाईट परिस्थिती धरली तरी वरचे द्रव्य भूजलापर्यंत पोचावयास 23 वर्षे लागतील, असा निष्कर्ष काढला होता. कंपनीसाठी काम करणाऱ्या आर्थर डी. लिटल या अमेरिकी सल्लागारांनीच त्यावर शंका घेतली की ही मुदत दोन वर्षांइतकी अल्पही असू शकेल. 23 आणि 2. दोन्ही बाजूंना विद्वान, दोन्ही बाजूंना सूत्रे. मग फरक कशाचा? जमिनीतून पाणी किती वेगाने झिरपते याविषयी जे गृहीत धरले, त्याचा. ज्याने विदर्भात, मराठवाड्यात किंवा माळव्यात उन्हाळा काढला आहे त्याला हे कळावयास अडचण पडू नये. काळ्या चिकण मातीचे ढेकूळ प्रयोगशाळेत ठेवले तर त्यातून पाणी अतिशय सावकाश जाते. परंतु तीच जमीन वैशाखात हात जाईल एवढ्या भेगांनी फुटते, आणि मृगाचा पहिला पाऊस त्या भेगांतून थेट खाली उतरतो. शिवाय कार्बन टेट्राक्लोराइड पाण्याहून दीडपटीपेक्षाही जड आहे. पाण्यावर तरंगण्याऐवजी ते पाण्याखाली बुडते, खडकाच्या फटींत जाऊन बसते आणि तेथून वर्षानुवर्षे थोडेथोडे विरघळत राहते.

1999 मध्ये ग्रीनपीसच्या तपासणीत वस्तीच्या पाण्यात क्लोरोफॉर्म व कार्बन टेट्राक्लोराइड आढळले. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वस्त्यांना शुद्ध पाणी पुरविण्याचा हुकूम दिला. 2009 मध्ये दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राला कारखान्यापासून तीन किलोमीटरवरच्या भूजलातही कीटकनाशके सापडली. 2010 मध्ये नागपूरच्याच संस्थेने हैदराबादच्या भूभौतिक संस्थेसह केलेल्या अंदाजात दूषित मातीचा आकडा 11 लाख टन होता. गोदामात साठविलेला 337 टन माल तेवढा 2025 च्या जानेवारीत धार जिल्ह्यातील पीथमपूरला नेण्यात आला आणि त्या वर्षाच्या मध्यापर्यंत जाळण्यात आला. वर्तमानपत्रांनी त्याची मोठी बातमी केली, ते योग्यच झाले. परंतु 11 लाख टनांपुढे 337 टन किती, हे शाळकरी मुलगाही सांगेल, आणि राहिलेली माती आजही तेथेच आहे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो प्रामाणिक असू शकतो, म्हणून त्याचा विचार केला पाहिजे. इतके अंदाज बांधण्यापेक्षा वस्तीत आजारी किती आहेत ते सरळ मोजावे, म्हणजे सत्य आपोआप बाहेर येईल, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. अडचण अशी की कर्करोग विषाच्या संपर्कानंतर पुष्कळदा वीस-तीस वर्षांनी प्रकट होतो. वस्तीतली माणसे तोवर घरे बदलतात. वस्ती शे-दोनशे उंबऱ्यांची असेल तर दोन अधिक रुग्ण हा योगायोग की परिणाम, हे संख्याशास्त्राला सांगता येत नाही. भोपाळात तर ज्याने ते पाणी प्याले त्यानेच बहुधा तो वायूही श्वासात घेतला होता, आणि त्याच्या छातीतली घरघर कोणाच्या खात्यावर मांडावी हा कज्जा डॉक्टरांनाही सुटत नाही. शिवाय आजारी मोजून मग उपाय करू म्हणणे, म्हणजे पुरावा तयार होईपर्यंत लोकांनी आजारी पडत राहावे असे म्हणणे होय. धोक्याचे मापन श्रेष्ठ ठरते ते याच ठिकाणी: ते आजार येण्यापूर्वी बोलते. मात्र ते अंदाजाने बोलत असल्यामुळे जेथे माहिती अपुरी असेल तेथे संशयाचा फायदा कोणाला द्यावयाचा, हे आधी ठरवावे लागते. फौजदारी न्यायालयात तो आरोपीला मिळतो, आणि तसाच मिळावा. परंतु रसायन आरोपी नव्हे, त्याला हक्क नाहीत. येथे संशयाचा फायदा पाणी पिणाऱ्याला मिळाला पाहिजे, असे माझे निःसंदिग्ध मत आहे.

आणि एका द्रव्याचा हिशेब करून भागत नाही. भोपाळच्या मातीत पारा होता, लिंडेनच्या कुळातील क्लोरीनयुक्त कीटकनाशके होती, क्लोरोबेंझीन होते. माणूस ती एकेक करून पीत नाही. प्रत्येकाचे प्रमाण मर्यादेच्या आत असूनही सर्वांची बेरीज मर्यादेबाहेर जाऊ शकते. अहवालात ही बेरीज केली आहे की नाही, हे वाचणाऱ्याने प्रथम पाहावे.

आपल्या देशात यासाठी स्वतंत्र नियम नव्हते. ते 2025 च्या जुलैत आले: दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम. त्या वेळी देशात अशी 103 स्थळे निश्चित झालेली होती आणि शुद्धीकरणाचे काम सुरू झाले होते ते अवघ्या सात ठिकाणी. या नियमांनुसार स्थानिक संस्थेने किंवा जिल्हा प्रशासनाने, आपण होऊन अथवा लोकांच्या तक्रारीवरून, संशयित स्थळांची यादी दर सहा महिन्यांनी राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाला पाठवावयाची आहे. मंडळाने 90 दिवसांत प्राथमिक तपासणी करावयाची, आणि ती प्रतिकूल आली तर पुढील 90 दिवसांत सविस्तर. ज्याने दूषित केले त्याच्याकडून खर्च वसूल करावयाची तरतूदही त्यात आहे. किरणोत्सारी कचरा, खाणी, समुद्रातील तेलगळती आणि शहरांच्या कचऱ्याचे डोंगर यांना हे नियम लागू नाहीत, ही उणीव मी लपवीत नाही. तरीही लोकांच्या तक्रारीवरून हे शब्द नियमात आले आहेत, आणि लव्ह कॅनॉलच्या गृहिणींना जो दरवाजा ठोठावून ठोठावून उघडावा लागला तो येथे कागदोपत्री तरी उघडा आहे.

म्हणून आपणांस माझी विनंती आहे. आपल्या गावाच्या हद्दीत बंद पडलेला रसायनांचा, रंगांचा, कातडी कमावण्याचा किंवा धातूंचा मुलामा देण्याचा कारखाना असेल, तर त्याची हकीकत लिहून काढा: तो कोणत्या साली सुरू झाला, कोणत्या साली बंद पडला, माल कोठे पुरला जाई, पूर्वी तेथून कोणता ओढा वाहत होता, कोणत्या विहिरीचे पाणी कोणत्या साली पिवळे झाले, आज त्या पाण्यावर किती घरे आहेत आणि त्यांत पाच वर्षांखालची मुले किती. म्हाताऱ्या कामगारांना विचारा. ते हयात आहेत तोवरच ही माहिती मिळणार आहे. हा कागद तक्रार म्हणून जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत आणि आपल्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत द्या, आणि त्याची पोच घेतल्यावाचून परतू नका. मग जेव्हा अहवाल येईल तेव्हा त्यात किती किलोचा माणूस धरला आहे, आणि त्याला पाणी किती लिटर पाजले आहे, ते पान उघडून पाहा.